पेशंट टेबलावर, उत्तर पाच मिनिटांत: लुई विल्सन आणि गोठवलेल्या कापांची गोष्ट

आज नवा फोनही नाही आणि नवं अ‍ॅपही नाही. आज एका जुन्या माणसाची गोष्ट आहे, आणि ती मला सापडली हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून.

गेल्या वर्षी माझ्या आत्याच्या अंडाशयावर गाठ निघाली. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. तरी गाठ साधी की कॅन्सरची, हे कुणीच छातीठोकपणे सांगेना. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, की काम दीड तासात आटपेल किंवा चार तास लागतील, ते आत गेल्यावरच कळेल. आधी गाठ काढून फ्रोझनला पाठवायची, मग उत्तर येईल तसं पुढे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फ्रोझन म्हणजे काय, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि आतेभाऊ ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलो होतो. एक वॉर्डबॉय हातात छोटा डबा घेऊन जवळजवळ पळतच गेला. आतेभाऊ म्हणाला, तेच असणार. मी फोन काढून फ्रोझन असं टाकलं, तर आधी डिस्नेचा सिनेमा आला आणि मग मटार. पुढे सेक्शन हा शब्द जोडला तेव्हा कुठे कामाची पानं दिसली. वाचत वाचत मी मेयो क्लिनिकपर्यंत पोचले. पोट दुखो की डोळा फडफडो, काहीही गूगल केलं की ज्यांचं पान वरच येतं, तेच हे मेयो क्लिनिक. तिथे एक नाव भेटलं, डॉ. लुई विल्सन. पॅथॉलॉजी शिकलेल्यांना हे नाव पाठ असतं. आपल्यासारख्यांनी ते कधी ऐकलेलंही नसतं.

विल्सनकडे जाण्याआधी मूळ अडचण काय होती ते समजून घेऊ.

कॅन्सर आहे की नाही हे शेवटी पेशी बघून ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसायच्या तर त्यांच्यातून उजेड आरपार जायला हवा. म्हणजे गाठीचा काप केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ हवा, पाच-दहा मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता ताजं मांस असं कापून बघा! पिकलेला टोमॅटो बोथट सुरीने चिरताना जे होतं तेच होतं. दाबलं जातं, सरकतं, फाटतं. त्यामुळे आधी ते कडक करायला लागतं. त्याची नेहमीची पद्धत अशी: तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, अल्कोहोलमध्ये बुडवून पाणी काढायचं, वितळलेलं पॅराफिन मेण आत भरायचं, मेण थिजलं की त्याची वडी कापायची. काप झकास येतात, पण एक-दोन दिवस जातात. आमच्या भाषेत सांगायचं तर हा रात्री चालणारा बॅच जॉब झाला. पोट उघडून ठेवलेल्या पेशंटसाठी त्याचा काय उपयोग?

दुसरा मार्ग गोठवण्याचा. टिश्यूमध्ये पाणी असतंच, ते गोठलं की तुकडा आपोआप कडक होतो. ही कल्पना विल्सन यांची नव्हे. बेनेडिक्ट स्टिलिंग या जर्मन डॉक्टरांनी १८४२ मध्ये गोठलेल्या मज्जारज्जूचे काप काढले होते. १८९१ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पॅथॉलॉजिस्ट विल्यम वेल्च यांनी सर्जन हॅल्स्टेड यांच्यासाठी ऑपरेशन चालू असताना गोठवून काप करून पाहिला. पण स्लाइड तयार होईपर्यंत हॅल्स्टेड यांचं ऑपरेशन संपलंसुद्धा होतं. १८९५ मध्ये तिथल्याच थॉमस कलन यांनी फॉर्मलिन आणि गोठवणं एकत्र करून वेळ बराच खाली आणला. थोडक्यात, भाग सगळे बाजारात होते. चालणारं प्रॉडक्ट मात्र कुणाकडे नव्हतं.

आता विल्सन.

लुई ब्लँचर्ड विल्सन यांचा जन्म १८६६ चा, पिट्सबर्गचा. डॉक्टर होण्याआधी ते मास्तर होते. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात हायस्कूलच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायचे. १८९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली तेव्हा ते तिशीला टेकले होते. उशिरा करिअर बदलणाऱ्यांनी नोंद घ्यावी! पण दवाखाना काही थाटला नाही. राज्याच्या आरोग्य मंडळाच्या प्रयोगशाळेत गेले आणि सूक्ष्मदर्शकाला चिकटले. १९०० मध्ये वेसब्रूक आणि मॅक्डॅनियल या सहकाऱ्यांसोबत त्यांनी घटसर्पाच्या जंतूंचं, त्यांच्या आकारावरून आणि रंग कसा धरतात त्यावरून, वर्गीकरण मांडलं. ते पुढे बरीच वर्षं वापरलं गेलं.

मग आली १९०२ ची मोंटाना मोहीम, आणि मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. मोंटानामधल्या बिटररूट खोऱ्यात दर वसंतात एक भयंकर ताप यायचा. अंगावर ठिपके उठायचे आणि बहुतेक रुग्ण दगावायचे. वितळणाऱ्या बर्फाचं पाणी प्यायल्याने होतं, असं गावकरी मानायचे. विल्सन आणि त्यांचे सहकारी विल्यम चाउनिंग तिथे गेले, रुग्ण तपासले, मृतांचं शवविच्छेदन केलं, कोण कुठे काम करत होतं ते लिहून काढलं. त्यांचं म्हणणं असं, की रोग पाण्यातून नाही तर गोचिडीच्या चाव्यातून येतो. ते बरोबर निघालं. १९०६ मध्ये हॉवर्ड रिकेट्स यांनी प्रयोग करून ते दाखवून दिलं.

पण विल्सन आणि चाउनिंग तेवढ्यावर थांबले नव्हते. रुग्णांच्या रक्तात आपल्याला रोगाचा परजीवी दिसला, असं सांगून त्यांनी त्याला नावही देऊन टाकलं. तसा परजीवी नव्हताच! दुसऱ्या तज्ज्ञांना तो सापडेना, आणि काही काळ तर त्या नादात गोचिडीची खरी गोष्टही लोकांनी झटकून टाकली. सूक्ष्मदर्शक खोटं बोलत नाही, पण त्यात डोळा घालणाऱ्याला जे बघायचं असतं ते तिथे दिसू शकतं. लॉगमध्ये आपल्याला हवा तोच बग दिसायला लागतो ना, तसं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच माणसाच्या डोळ्यांवर पेशंटचे अवयव अवलंबून असणार आहेत.

१९०५ च्या जानेवारीत विल्सन रॉचेस्टरला आले. मिनेसोटातलंच छोटं गाव, पण तिथे विल्यम आणि चार्ल्स हे मेयो बंधू सर्जन होते आणि नन्सनी चालवलेल्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये वर्षाला हजारोंनी ऑपरेशनं करत होते. त्यांना प्रयोगशाळा सांभाळायला माणूस हवा होता. विल्यम मेयो यांनी नव्या माणसासमोर आपली जुनी तक्रार मांडली: पेशंट टेबलावर असतानाच गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे तुम्ही पॅथॉलॉजीवाले का सांगू शकत नाही?

ही तक्रार किती खरी होती बघा. त्या काळी स्तनात गाठ दिसली की सर्जन डोळ्यांनी आणि बोटांनी चाचपून ठरवायचा. कॅन्सर म्हणून ठरवलं तर पूर्ण स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं काढायचे. अंदाज चुकला तर एका साध्या गाठीपायी बाईचं शरीर कायमचं कापलं जायचं. उलट चुकला तर कॅन्सर आत तसाच राहायचा. पुन्हा उघडायचं म्हटलं तर पुन्हा भूल, आणि ती तेव्हा आजच्याइतकी सुरक्षित नव्हती.

विल्सन कामाला लागले. असं सांगतात, की रॉचेस्टरच्या त्या हिवाळ्यात त्यांनी टिश्यूचे तुकडे चक्क खिडकीबाहेर ठेवून गोठवले. तिथला जानेवारी उणे २० अंशांच्याही खाली जातो, त्यामुळे निसर्गाचा फ्रीजर फुकट उपलब्ध होता. पण उन्हाळ्यात काय? कार्बन डायऑक्साइडवर चालणारे गोठवणारे मायक्रोटोम तोपर्यंत आलेले होते. दाबाखालचा वायू एकदम सुटला की गार होतो. डिओडरंट अंगावर मारला की थंड का लागतं, त्याच तत्त्वाचा मोठा भाऊ.

गोठवण्याचा प्रश्न असा सुटला, पण काप नीट येईनात तर सगळं वाया. इथे येतो डेक्स्ट्रिनचा पाक. डेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून बनवलेला, पाण्यात विरघळणारा पदार्थ. टपाल तिकिटांच्या मागे आणि पाकिटांच्या कडेला चिकटवायला हाच वापरायचे. विल्सन जास्तीत जास्त २ मिलिमीटर जाडीचा आणि १० मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घ्यायचे आणि तो डेक्स्ट्रिनच्या घट्ट द्रावणात गोठवायचे.

याने नेमकं काय होतं? साधा बर्फ कापायला जा, सुरीखाली तडकतो. कुल्फी मात्र कापली जाते. मुंबईत वजनावर कुल्फी मिळते तिथे सुरीने तिचे सरळ काप करतात आणि ती फुटत नाही, कारण तिच्यात नुसतं पाणी नसतं, साखर आणि आटलेलं दूध असतं. डेक्स्ट्रिनचं द्रावण गोठलं की ते बर्फापेक्षा कुल्फीसारखं वागतं. वेड्यावाकड्या तुकड्याला ते चहूबाजूंनी धरून ठेवतं, पात्याला कापायला एकसारखा ठोकळा मिळतो, कडा फाटत नाहीत. आणि काप पाण्यात टाकला की ते विरघळून निघून जातं, मेणासारखं खरवडत बसावं लागत नाही.

पुढची कृती तर मला दोनदा वाचावी लागली. १० ते १५ मायक्रॉनचा काप पात्यावर आला की तो बोटाच्या टोकाने उचलायचा आणि तिथेच, बोटाच्या उबेने, वितळू द्यायचा! मग मिठाच्या एक टक्का द्रावणात मऊ कुंचल्याने उलगडायचा. मग निळ्या रंगात, म्हणजे मेथिलीन ब्लूच्या एका खास प्रकारात, फक्त १० ते २० सेकंद. पुन्हा मिठाच्या पाण्यात एक बुडी, काचेवर ग्लुकोजच्या द्रावणात बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली. फॉर्मलिन नाही, अल्कोहोल नाही, मेण नाही. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. १९०५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी ही कृती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापली. लेख छोटासा आहे, एखाद्या चांगल्या रीडमी फाइलसारखा. वाचणारा दुसऱ्या दिवशी करून बघू शकेल.

माझ्या मते खरं काम वेगळंच होतं. प्रयोगशाळा ऑपरेशनच्या खोलीजवळ असणं, माणूस सकाळपासून तयार असणं, आणि सर्जनने उत्तर येईपर्यंत हात थांबवणं. वेल्चकडे हुशारी कमी नव्हती, पण ही व्यवस्था नव्हती. बाहेरचे बरेच पॅथॉलॉजिस्ट मात्र साशंक होते. मेणातले सुबक काप बघायची सवय असलेल्यांना हे निळे, किंचित धूसर काप कच्चे वाटायचे, आणि घाईत दिलेल्या उत्तरावर अवयव काढणं तर धोक्याचंच. ही पद्धत सगळीकडे रुळायला पुढची काही दशकं गेली. साशंक लोक अगदीच चूक होते असंही नाही. खुद्द विल्सन यांनी १९०९ मध्ये विल्यम मॅकार्टी यांच्यासोबत लिहिलं, की जठराचे बरेचसे कॅन्सर जुन्या अल्सरमधून उगवतात. काप त्यांनी नीट बघितले होते, पण काढलेला अर्थ टिकला नाही.

हे सगळं वाचल्यावर मला आजची पद्धत प्रत्यक्ष बघायची होती. शाळेतली एक मैत्रीण पॅथॉलॉजीत एमडी करते आहे. तिच्या मागे लागून एका दुपारी मी तिच्या लॅबमध्ये गेले. आता यंत्राला क्रायोस्टॅट म्हणतात. थंड पेटीत ठेवलेला मायक्रोटोम, आतलं तापमान साधारण उणे २० अंश. मूळ क्रायोस्टॅट १९३८ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लँग आणि मोगेन्सन यांनी बनवला. होय, बिअरवालेच कार्ल्सबर्ग.

आणि डेक्स्ट्रिनच्या जागी आलं आहे ओसीटी. शाम्पूच्या बाटलीसारख्या बाटलीतून निघणारा पारदर्शक, घट्ट चिकट द्रव. यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिथिलीन ग्लायकॉल असतं, दोन्ही पाण्यात विरघळणारी. मैत्रिणीने धातूच्या गोल चकतीवर आधी थोडं ओसीटी ओतलं, त्यात तुकडा ठेवला, वरून पुन्हा ओसीटी. काही क्षणांत ते दुधासारखं पांढरं झालं. गोठलं हे कळायची तीच खूण.

चुका कुठे होतात, असं मी विचारलं, आणि तिची कळी खुलली. तुकडा मिठाच्या पाण्याने ओला असेल तर आधी टिपून घ्यायचा, नाहीतर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशींच्या जागी भोकं दिसतात. टोमॅटो फ्रीजरमध्ये ठेवून वितळवला की त्याचा गिचका होतो ना, तेच. हळूहळू गोठवलं तर स्फटिक मोठे, पटकन गोठवलं तर बारीक. म्हणून संशोधनासाठी द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तुकडा बुडवतात. ओसीटीत हवेचा बुडबुडा राहिला तर काप तिथेच फाटतो. ठोकळा फार थंड झाला तर काप तडकतो, कमी थंड असेल तर पात्याला चिकटतो. आणि चरबी? ती उणे २० लाही नीट कडक होत नाही, त्यामुळे स्तनाची गाठ भोवतालच्या चरबीसकट आली की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. काप उचलायची पद्धत बघून मात्र मला हसू आलं. खोलीच्या तापमानाची काच कापाजवळ नेली की तो वितळत टुणकन तिला चिकटतो. विल्सन यांच्या बोटाचीच आयडिया, फक्त हायजिनिक!

विल्सन पुढे काय करत राहिले? थायरॉइडच्या गाठींवर हेन्री प्लमर यांच्याबरोबर बरंच काम केलं, प्लमर पेशंट बघायचे आणि विल्सन काप. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यासोबत फ्रान्समध्ये प्रयोगशाळांच्या कामावर होते. बंदुकांचा त्यांना आधीपासूनच शौक, त्यामुळे गोळी शरीरात शिरल्यावर तिची ऊर्जा कशी पसरते यावरही त्यांनी लिहिलं. १९१५ मध्ये तरुण डॉक्टरांना स्पेशालिस्ट बनवण्यासाठी मेयो फाउंडेशन सुरू झालं, त्याचे ते पहिले संचालक. १९३७ पर्यंत ते पद त्यांच्याकडे होतं. शाळामास्तर पुन्हा शाळेत गेला म्हणायचं. त्यांनी १९२४ मध्ये मॉड मेलिश यांच्याशी लग्न केलं. मेयोमधल्या डॉक्टरांचे लेख वाचण्याजोगे करणाऱ्या संपादक त्या, वैद्यकीय लेख कसा लिहावा यावर त्यांचं पुस्तकही आहे. १९३३ मध्ये त्या गेल्या. विल्सन १९४३ मध्ये रॉचेस्टरमध्येच वारले.

विल्सन यांचं नाव पद्धतीला चिकटलं नाही, सगळे नुसतं फ्रोझन म्हणतात. मेयो क्लिनिकमध्ये मात्र ती नुसती टिकली नाही, तर बहुतेक ठिकाणांपेक्षा खूप जास्त वापरात राहिली. १९९५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी एका वर्षातल्या २४,८८० फ्रोझन केसेसचा हिशेब छापला. ९७.८ टक्के उत्तरं बरोबर होती.

उरलेल्या २.२ टक्क्यांसाठी एक पायरी आजही ठेवलेली असते. फ्रोझन करून उरलेला तुकडा फेकत नाहीत. तो वितळवून फॉर्मलिनमध्ये टाकतात आणि नेहमीसारखी मेणाची वडी करून निवांत पुन्हा बघतात. म्हणजे पटकन दिलेल्या उत्तराची सावकाश तपासणी होतेच. मैत्रीण म्हणाली, की अंडाशयाच्या मोठ्या गाठीत तर हे फार गरजेचं, कारण घाईत एक-दोनच जागचे काप बघता येतात आणि कॅन्सर तिसऱ्याच कोपऱ्यात बसलेला असू शकतो.

आम्हाला त्या दिवशी तेवीस मिनिटं लागली. मी फोनवर वेळ बघून ठेवली होती, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. दार उघडून डॉक्टरांनी गाठ साधी दिसते असं सांगितलं आणि ते लगेच आत वळले. आतेभाऊ खाली चहा आणायला गेला तो अर्धा तास परत आला नाही. मेणाच्या वडीचा पक्का रिपोर्ट सहा दिवसांनी आला, त्यातही गाठ साधीच होती. ते सहा दिवस आतेभावाने रिपोर्टचं पोर्टल इतक्या वेळा रिफ्रेश केलं, की शेवटी त्याचं अकाउंट लॉक झालं. आत्याला त्या तेवीस मिनिटांचं काहीच माहीत नाही. ती भुलीत होती, आणि जागी झाल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं ते आम्ही जेवलो का म्हणून.